दाखला पुरत नाही, शेत चालून पाहा

शेताचं प्लॉटिंग करण्याआधी जमिनीत जुनी वस्ती नाही ना, याची खात्री करायला ‘जवळ संरक्षित स्मारक नाही’ एवढा दाखला पुरतो, असं एका लेखात वाचलं. नाही पुरत. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यातली (2010 ची दुरुस्ती) बांधकामासाठी 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढची 200 मीटर नियंत्रित हद्द फक्त केंद्र-संरक्षित स्मारकांना मिळते. नोंदच न झालेली जुनी वस्ती तिच्यात येत नाही.

ती शोधायला शेत पायी तुडवावं लागतं. नांगरट होऊन एखाद्या पावसात ढेकळं धुतली गेली की लगेच. उभ्या पिकात काही दिसत नाही. माणसं 10-10 मीटरवर रांगेत, प्रत्येक पट्ट्यातली खापरं मोजून जीपीएसवर टिपायची. नदीकाठी राखट पांढरी माती, म्हणजे जुन्या वस्तीची ‘पांढरी’, लागली की थांबायचं. घोड नदीकाठच्या इनामगावला सापडली तशी ताम्रपाषाण काळातली जोर्वे खापरं लगेच कळतात: तांबडी, वर काळी नक्षी, टिचकी मारली की खणखणतात.

फसगत होते ती इथे. पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात टाकायची जुनी रीत आहे, तिच्याबरोबर खापरंही येतात. शिवाय काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, वरचं खापर खोल जातं. म्हणून नुसत्या वरच्या खापरांवर निकाल देऊ नका. विहिरीची कड, ओढ्याचा तुटलेला काठ बघा. राखेच्या किंवा चोपलेल्या जमिनीच्या थरात खापर रुतलेलं दिसलं, तर तिथे जेसीबी लावूच नये.