औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती चालेल, हे कायद्यात कधी लिहिणार?

हैदराबादलगत पटनचेरू ही औषध कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तिथल्या सुमारे ९० बल्क ड्रग (औषधाचा मूळ घटक) उत्पादकांचं सांडपाणी एका सामाईक प्रक्रिया केंद्रात यायचं. स्वीडनचे संशोधक योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या केंद्रातून बाहेर पडणारं, म्हणजे प्रक्रिया झालेलं पाणी तपासलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक! ही गोळी घेतलेल्या पेशंटच्या रक्तातसुद्धा औषध इतकं चढत नाही. त्या हिशेबाने दिवसाला सुमारे ४५ किलो सिप्रो नुसतं वाहून जात होतं. अख्ख्या स्वीडन देशाला पाच दिवस पुरेल इतकं.

मी नांदेडकडची. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तो ३१ मिलिग्रॅमचा आकडा मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि त्याच्या शेजारी दुसरा लिहिते : लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग). पाण्यातलं सिप्रो याच्या वर गेलं की प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंना फायदा मिळू लागतो, असा लार्सन यांच्याच गटाचा २०१६ चा अंदाज आहे. दोन आकड्यांचा भागाकार मुलांनाच करायला लावते. उत्तर जवळपास पाच लाख पट येतं आणि वर्ग गप्प होतो.

मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मॅडम, इतकं औषध असेल तर जिवाणू मरायला हवेत ना? बहुतेक मरतातच. जे उरतात त्यांच्याकडे औषधाला तोंड देणारी जनुकं असतात, आणि रान मोकळं झाल्यावर तेच फोफावतात. त्यातली बरीच जनुकं प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतात. म्हणजे नदीच्या गाळातला निरुपद्रवी जिवाणू ती आजार पसरवणाऱ्या जिवाणूला देऊ शकतो, दोघांची जात वेगळी असली तरी. पटनचेरूच्या खालच्या ओढ्यातल्या गाळात संशोधकांना अशी जनुकं भरपूर सापडली आहेत. सिप्रो गाळाला चिकटून राहतं, त्यामुळे पाणी निवळ दिसलं तरी तळात हा व्यवहार चालूच असतो.

आता आपल्याकडे या. आपली मांजरा नदी बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते, लातूर, बीदर करत तेलंगणात जाते, तिथे पटनचेरूकडून येणारा नक्कावागू ओढा तिला मिळतो, आणि निजामसागरनंतर ती बिलोलीजवळ पुन्हा महाराष्ट्राच्या शिवेला लागते. पुढे कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. पटनचेरूच्या प्रक्रिया केंद्राचं पाणी नंतर पाइपलाइनने हैदराबादच्या अंबरपेट केंद्राकडे, म्हणजे मुसी नदीच्या बाजूला वळवलं गेलं. नदी बदलली, इतकंच. तरीही ‘तो तेलंगणाचा प्रश्न’ म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. शिवाय तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ या आपल्या एमआयडीसींमध्येही औषधं आणि त्यांचा कच्चा माल बनतोच की.

लोक म्हणतात, दोष पेशंटचा आणि डॉक्टरांचा आहे, सर्दीलाही अँटिबायोटिक घेतात. खरं आहे, तेही थांबायला हवं. माणसाने घेतलेल्या औषधाचा काही भाग लघवीतून गटारात जातो आणि आपली एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रं, तो काढण्यासाठी बांधलेलीच नसतात. २०२२ मध्ये १०४ देशांतल्या २५८ नद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चौथ्या हिश्शाहून जास्त ठिकाणी कुठलं ना कुठलं औषध सुरक्षित पातळीच्या वर निघालं. पण लाखो घरांच्या संडासांतून थेंबथेंब येणारं औषध अडवणं महाकठीण आहे. कारखान्याचा आउटलेट एकच असतो. तिथे एक पाइप आहे, एक मालक आहे, एक परवाना आहे. जिथे पकडणं सगळ्यांत सोपं, तिथेच आपण डोळेझाक करतो याचा मला मनापासून राग येतो.

आणि हे सरकारला माहीत नाही असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचनेचा मसुदा काढला होता. त्यात १२१ अँटिबायोटिक्ससाठी कारखान्याच्या सांडपाण्यातली कमाल मर्यादा औषधागणिक दिली होती. तो वाचून मला खरंच आनंद झाला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या. बीओडी, सीओडी (पाण्यातल्या घाणीची सर्वसाधारण मापं) मोजा, पण ज्या औषधासाठी कारखाना उभा आहे ते पाण्यात किती उतरलं, त्याला मर्यादाच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अँटिबायोटिक उत्पादनातल्या सांडपाण्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या ऐच्छिक आहेत. बंधन घालायचं तर ते आपल्याच सरकारने घालायला हवं.

औषधं महागतील, हा आक्षेप मी हलका मानत नाही. जगभरच्या गरीब पेशंटना परवडणारी औषधं भारतातून जातात आणि त्याचा मला अभिमान आहे. पण प्रतिरोधक इन्फेक्शन झालेल्या माणसाला साध्या गोळीऐवजी आयसीयूत महागडी इंजेक्शनं घ्यावी लागतात, तो खर्च कोणाच्या खात्यात धरायचा? कल्चर रिपोर्टवर एकाखाली एक ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे हे औषध लागू पडणार नाही) लिहून आलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख माणसं थेट प्रतिरोधक जिवाणूंच्या संसर्गाने गेली, असा अंदाज आहे.

म्हणून २०२० च्या मसुद्यातल्या मर्यादा पुन्हा आणा, ही माझी मागणी आहे. आणि तपासणी प्रत्येक कारखान्याच्या स्वतःच्या आउटलेटवर करा, पाणी सीईटीपीत, म्हणजे सामाईक प्रक्रिया केंद्रात, जाण्याआधी. एकदा सगळ्यांचं पाणी एका टाकीत मिसळलं की कुठलं सिप्रो कोणाचं, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर मराठीत टाका, म्हणजे बिलोलीच्या शेतकऱ्यालाही ते वाचता येतील.