दाराशी माणूस हवा

गेल्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, उत्तर दाराशी एका आजींनी चपला काढल्या. बाहेर पाऊस, आत बर्फासारखी दगडी फरशी, आणि आजींच्या पायांत मोजेही नव्हते. कोल्हापूरहून मुलाकडे आल्या होत्या. "आई, इथं कुणी काढत नाही गं," मुलगा ओशाळून म्हणाला. "देवाच्या घरात चपला घालून जायचं होय?" आजींनी विचारलं. माझ्यासोबत दारावर सत्तरीतले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही. ते आत गेले, गुडघे टेकायची एक उशी घेऊन आले, खुर्चीपुढे ठेवली आणि आजींना खुणेनं म्हणाले, बसा, पाय यावर ठेवा.

मी वसईची, जन्माने कॅथलिक. डरहॅमचं कॅथेड्रल अँग्लिकन पंथाचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं आहे, तरी गेली सहा वर्षं महिन्यातले दोन शनिवार मी तिथं दारावर स्वयंसेवक म्हणून उभी असते. आणि गेलं वर्षभर वसईतल्या माझ्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद वाचतेय: चर्च दुपारी कुलूपबंद ठेवायचं की नाही, आणि बाहेरच्यांना आत घ्यायचं का.

वादाला कारणं आहेत. चर्चच्या पायऱ्यांवर प्रीवेडिंगचे फोटो काढायला लोक येतात, मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) चालू असताना मोबाईल घेऊन वेदीपर्यंत जातात. 2024च्या नाताळात मेघालयातल्या मावलिननाँग गावच्या चर्चमध्ये एका पर्यटकाने माईकवरून दुसऱ्या धर्माच्या घोषणा दिल्या आणि त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. तेव्हापासून ग्रुपवर एकच सूर आहे: फाटकावर पाटी लावा, फाटकाला कुलूप लावा. देवळांतही पोशाखावरून हेच चाललंय. जानेवारी 2025 मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराने पोशाखाचे नियम जाहीर केले आणि घराघरांत दोन तट पडले. आपली प्रार्थनेची जागा कुणी तमाशाची करू नये, ही भीती मला समजते. मला पटत नाही ते एवढंच, की सगळी चर्चा पाटीवर काय लिहायचं यावर होते. पाटीशेजारी कोण उभं राहणार, हे कुणी विचारत नाही.

डरहॅमला 1093 मध्ये हे कॅथेड्रल बांधायला घेतलं ते संत कथबर्टच्या अवशेषांसाठी. व्हायकिंगांच्या भीतीने लिंडिसफार्न बेट सोडून निघालेले त्याच्या मठातले साधू शवपेटी खांद्यावर घेऊन वर्षानुवर्षं उत्तर इंग्लंडभर हिंडले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या 995 मध्ये इथं थांबल्या. मराठी पाहुण्यांना मी हे पालखीचं उदाहरण देऊन सांगते; पादुकांमागे चालणाऱ्या माणसाला दुसरं काही समजावावं लागत नाही. पुढे इथं संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमाने राहणारे मठवासी आले. त्या नियमाचं त्रेपन्नावं प्रकरण पाहुण्यांविषयी आहे: येणाऱ्या प्रत्येकाला साक्षात ख्रिस्त आला असं समजून घरात घ्या. नियमात दारावरच्या माणसासाठीही वेगळं प्रकरण आहे. कुणी दार ठोठावलं की त्याने आधी देवाचे आभार मानायचे, मग उघडायचं. दारवान म्हणून शहाणा, वयस्कर माणूस नेमा, असंही त्यात सांगितलंय.

उत्तर दारावर ब्राँझचं एक मोठं तोंड आहे, त्यात कडी. आता दारावर आहे ती प्रतिकृती. मूळची बाराव्या शतकातली कडी संग्रहालयात ठेवली आहे. जिवाच्या भीतीने पळून आलेल्या माणसाने ती कडी वाजवली की त्याला 37 दिवस आसरा मिळे. तेवढ्या दिवसांत वैऱ्याशी समेट करायचा, नाहीतर देश सोडायचा. शाळेच्या मुलांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा ती आधी कडीला हात लावून बघतात.

इथलं सगळंच निर्मळ होतं असं मात्र नाही. आत पश्चिमेच्या टोकाला फरशीत काळ्या संगमरवराची एक पट्टी आहे. मठाच्या काळात बायकांनी ती ओलांडायची नव्हती. शनी शिंगणापूरचा चौथरा आठवल्याशिवाय मला त्या पट्टीवरून चालता येत नाही. तिथं 2016 मध्ये उच्च न्यायालयात जावं लागलं. इंग्लंडच्या चर्चला पहिली स्त्री बिशप 2015 मध्ये मिळाली. पट्टी त्यांनी पुसली नाही, हे मला आवडतं. दारावर उभ्या असलेल्या बाईने ती दाखवावी, यालाही अर्थ आहे.

डरहॅमला तिकीट नाही, देणगीची पेटी आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठ्या माणसाला पंचवीस पौंडांच्या वर पडतात. प्रार्थनेला येणाऱ्याला दोन्हीकडे फुकट. इमारती जगवायला पैसा लागतो, त्यामुळे तिकीट लावणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण पैशासाठी डरहॅमने केलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2013 ते 2016 या काळात त्यांनी लेगोच्या तीन लाख विटांचं कॅथेड्रल उभारलं. एक पौंड द्या, एक वीट आपल्या हाताने बसवा. लहान पोरंही ते बांधून गेली. उलट 2019 च्या उन्हाळ्यात नॉरिचच्या कॅथेड्रलने ऐन सभागृहात जत्रेतली उंच घसरगुंडी उभी केली आणि रॉचेस्टरने छोटं गोल्फ मांडलं. 2024 मध्ये कँटरबरीला हेडफोन लावून नाचण्याचा कार्यक्रम झाला. यावर इथं खूप भांडणं झाली. छताजवळचं कोरीवकाम लोकांना जवळून दिसावं, हा नॉरिचचा हेतू मला पटतो. नाच मला सहन झाला नाही. पाहुण्याला काहीतरी नवं दाखवलंच पाहिजे ही घाई यजमानाला स्वतःच्या घराविषयी खात्री उरली नाही की होते.

त्या घाईमागचं दुःखही मी बघते. इथले बाक रिकामे आहेत. कामाच्या दिवशी ईव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या गायलेल्या प्रार्थनेला, गाणाऱ्यांपेक्षा ऐकणारे थोडे, असंही मी पाहिलंय. आमच्याकडे रविवारी मिस्साला बाहेर मंडप घालावा लागतो. भरलेल्या घराला पाहुण्याची गरज वाटत नाही, म्हणून आमचं दार बंद होतं. इथलं दार थोडंफार एकटेपणातून उघडं राहिलंय. हे मान्य करूनच मी माझ्या लोकांशी वाद घालते आहे.

कारण आमच्याकडे येणारा पाहुणा फार वेगळा आहे. वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीच्या चर्चला) सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं वाहायला येणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. त्यांतल्या कोणाला पर्यटक म्हणायचं आणि कोणाला यात्रेकरू? फोटो काढायला आलेली मुलगी आईच्या ऑपरेशनसाठी मेणबत्तीही लावून जाते.

सगळ्यात नाजूक प्रसंग येतो ख्रिस्तप्रसादाच्या वेळी, म्हणजे मिस्सात ख्रिस्ताचं शरीर मानून भाकर दिली जाते तेव्हा. लग्नाच्या मिस्साला आलेले साताऱ्याचे काका रांगेत उभे राहतात, तीर्थ घ्यायला राहावं तसे, उजवा हात पुढे करून. ते श्रद्धेनेच आलेले असतात. प्रसाद नाकारणं आपल्याकडे केवढा अपमान! माझ्या एका परिचितांना असं सगळ्यांसमोर बाजूला केलेलं मी पाहिलंय. ते आजतागायत पुन्हा चर्चमध्ये आलेले नाहीत. ख्रिस्तप्रसाद कोणाला द्यायचा हा आमच्या श्रद्धेचा नियम आहे, तो मोडा असं मी म्हणत नाही. डरहॅमला काय करतात तेवढं सांगते. प्रार्थनेआधी एकजण दोन वाक्यांत सांगतो: ज्यांना प्रसाद घ्यायचा नाही त्यांनीही पुढे यावं, दोन्ही हात छातीवर दुमडून, त्यांना आशीर्वाद दिला जाईल. रिकामं कोणी परतत नाही. कोल्हापूरच्या आजींना मी हे सांगितलं. त्या हात दुमडून गेल्या, डोक्यावर हात ठेवून घेतला आणि परत येताना रडत होत्या.

पोशाखाचं तसंच. दारामागे दहा धुतलेल्या शाली टांगा आणि "ताई, आत गार आहे, ही घ्या" म्हणा. पाहुण्याचा आणि जागेचा, दोन्हींचा मान राहतो.

आणि सांगण्यासारखं आमच्याकडे किती आहे! जुन्या गोव्याची चर्च आणि डरहॅमचं कॅथेड्रल एकाच वर्षी, 1986 मध्ये, जागतिक वारसा यादीत गेली. वसई किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या कमानींखाली दर रविवारी जोडपी फोटो काढतात. जपानात नागासाकीला 1597 मध्ये क्रुसावर मारला गेलेला गोन्सालो गार्सिया हा भारताचा पहिला संत वसईतच जन्मला, हे त्यांना कोण सांगणार? 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा पोर्तुगीज घडणीची आहे, तिच्यावर 1721 साल कोरलेलं आहे. नाशिकहून आलेल्या कुटुंबाला वसईत एवढं कळलं, तर ते चर्चमध्ये परकं म्हणून पाऊल टाकेल का? आमच्या कॉलेजच्या पोरांना या गोष्टी नीट शिकवल्या, तर रविवारची दुपार ती आनंदाने देतील.

जानेवारीत मी तीन आठवड्यांसाठी घरी येतेय. दुपारी दोन ते चार चर्चचं बाजूचं दार उघडं ठेवता येईल का, असं फादरांना लिहिलंय. दोन मावश्या आणि बारावीतला एक भाचा आळीपाळीने बसायला तयार आहेत. फादरांनी उलट विचारलं, खुर्च्या कुठून आणणार? मी कळवलं, आमच्या ओटीवरच्या नेते.