भेटवस्तू देण्याआधी म्हाताऱ्या माणसांचे हात पाहा
दर वेळी तेच घडते. काठीशिवाय चार पावलेही न टाकू शकणाऱ्या माझ्या आजीला कोणीतरी मागून उघड्या, सटकणाऱ्या सपाता आणून देते, आणि अशा सपातांमुळे म्हातारी माणसे तोल जाऊन पडू शकतात, हा विचार कोणाच्या मनाला शिवतही नाही. संधिवाताने बोटे वाकलेल्या तिला बारीक बटणांचा स्वेटर, घट्ट झाकणाची बरणी! मागच्या खेपेला ती त्या झाकणाशी बराच वेळ झुंजली, अंगठ्याशी लाल वळ उठला, आणि शेवटी बरणी बाजूला सारून "छान आहे हो" एवढेच म्हणाली, तेव्हा माझा जीव तुटला. पुढून उघडणारा, वेल्क्रोचा सैल स्वेटर शोधायला असा कितीसा वेळ लागतो? निदान तिला काय जमते, हे तिलाच का विचारत नाही कोणी?