हाताची घडी, तोंडावर बोट आणि तोंडीचे वीस गुण

दहावीच्या इंग्रजीला ऐंशी गुणांचा लेखी पेपर आणि वीस गुण शाळेच्या हातात. हे वीस गुण कसे पडतात, ते शिक्षकांना वेगळं सांगायला नको. मुलं हजेरीच्या क्रमाने येतात, गाईडमधला 'माय फेव्हरेट फेस्टिव्हल' म्हणायला लागतात, दोन वाक्यं झाली की बाई म्हणतात "ओके, नेक्स्ट". सतराच्या खाली सहसा कोणी जात नाही. काही ठिकाणी तर मूल समोर यायच्या आधीच तक्त्यात आकडा बसलेला असतो. मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि माझं म्हणणं एवढंच आहे: या गुणांना तोंडी परीक्षेचे गुण म्हणायचं असेल, तर कोणीतरी मुलांचं बोलणं ऐकायला हवं.

२०१९ आठवतंय? त्या वर्षी भाषांचे अंतर्गत वीस गुण काढून टाकले होते. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. मग ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. आता, २०१९ ला कृतिपत्रिकाही, म्हणजे कृतींवर आधारित प्रश्नपत्रिका, नवीन होती आणि २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला होता, त्यामुळे सगळं खापर या वीस गुणांवर फोडणं अन्यायाचं होईल. पण त्या गदारोळात चर्चा झाली ती पास-नापासाची, अकरावीच्या प्रवेशाची, सीबीएसईच्या मुलांशी होणाऱ्या तुलनेची. मुलांना बोलता येतं की नाही, हा मुद्दा माझ्या कानावर तरी कुठे आला नाही.

मुळात आपल्या वर्गात बोलायला जागा किती असते? पस्तीस मिनिटांचा तास, साठ मुलं. हजेरी, सूचना, वह्या धरल्याच नाहीत तरी वाट्याला येतो जेमतेम अर्धा मिनिट. आणि हे फक्त इंग्रजीपुरतं नाही. बालवाडीपासून ज्यांना 'हाताची घडी, तोंडावर बोट' शिकवलं, मराठीच्या तासालाही ज्यांना "तुला काय वाटतं?" असं कोणी विचारलं नाही, त्यांनी नववीत अचानक उठून परक्या भाषेत मत मांडावं अशी आपली अपेक्षा असते. मुलं गप्प बसतात त्यात मला तरी काही नवल वाटत नाही.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. निर्णय चांगला की वाईट यावर पुण्यात अजूनही दोन तास भांडता येईल, मी आत्ता त्यात पडत नाही. पण पहिली-दुसरीच्या मुलाकडून इंग्रजी बोलण्याचीच परीक्षा घेणं मला चुकीचं वाटतं. त्या वयात आधी कान तयार होतो. "ओपन द विंडो" म्हटल्यावर मूल खिडकीकडे गेलं, गाण्यातल्या शब्दाला बरोबर नाक पकडलं, की त्याला समजलं. एवढंच नोंदवावं. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात आकारिक, म्हणजे शिकता शिकता वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षणाच्या शेजारीच 'तोंडी काम' आहे. म्हणजे सोय कागदावर केव्हाच झालेली आहे. फक्त वर्णनात्मक नोंदींची तयार पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि सगळ्या जिल्ह्यातली मुलं एकदम 'इंग्रजी कवितांचे सुंदर गायन करतो' होऊन बसतात.

खरी गंमत पाचवी ते आठवीत आहे, आणि नेमकी हीच वर्षं आपण प्रश्नोत्तरं उतरवून घेण्यात घालवतो. या वयाची मुलं चुकायला अजून फारशी लाजत नाहीत आणि गाठीला थोडे शब्दही असतात. सहावीला मी जोडीने नकाशा देते. एकाच्या नकाशात दुकानं, शाळा, बसथांबे आहेत, दुसऱ्याच्यात नुसते रस्ते. स्वारगेटहून शनिवारवाड्यापर्यंत जायचं, एकमेकांना दाखवायचं नाही, फक्त विचारायचं आणि सांगायचं. एकदा एकाने जोडीदाराला बाजीराव रोडने वर न्यायला सुरुवात केली. दुसरा ओरडला, "नो नो! बाजीराव रोड वन वे! पोलीस कॅच यू! गो शिवाजी रोड!" व्याकरणाचं म्हणाल तर त्यात लाल शाईला भरपूर काम आहे. पण त्याने समोरच्याचं ऐकलं, चूक पकडली, कारण दिलं आणि दुसरा मार्ग सुचवला. घोकलेल्या 'माय फेव्हरेट फेस्टिव्हल'मध्ये यातलं काय असतं?

"बाई, मग व्याकरणाला काही किंमतच नाही का?" असं एका सहकाऱ्याने विचारलं होतं. आहे ना. पण 'शी गोज'मधला शेवटचा 'ज' जगभरातल्या इंग्रजी शिकणाऱ्यांच्या तोंडात फार उशिरा बसतो. लेखी पेपरात तो बरोबर लिहिणारं मूलही बोलताना गाळतं. त्यावर सहावीत गुण कापले तर मूल एकच धडा घेतं, की कमी बोललं की कमी चुकतं. परदेशी जाणाऱ्या मुलांनी ज्याचा धसका घेतलेला असतो त्या आयईएलटीएसच्या बोलण्याच्या परीक्षेतही व्याकरण हा चारांपैकी एक निकष आहे. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, उच्चार हे बाकीचे तीन, आणि चौघांचं वजन सारखं. उच्चारांतही बघतात ते ऐकणाऱ्याला सहज कळतं का. युरोपात भाषेच्या पायऱ्या ठरवणारी सीईएफआर नावाची चौकट आहे, तिच्या २०२० च्या सुधारित आवृत्तीत मातृभाषकासारखं बोलण्याचा दंडकच काढून टाकला. आमच्याकडे मात्र पालकसभेत तक्रार असते, "बाई, याचा अ‍ॅक्सेंट येत नाही." कुठला यायला हवा ते विचारलं की उत्तर नसतं. मग मूल शाळेच्या फीपेक्षा महाग स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जातं आणि तिथे आणखी एक स्वपरिचय पाठ करून येतं.

नववी-दहावीला मतभेद मांडता यायला हवेत, अकरावी-बारावीला मुलाखत आणि गटचर्चा. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत नोकरी मागायला जाणाऱ्या मुलाला ते लागणारच आहे. पण खालचे मजले नसताना वरच्या मजल्याची चर्चा मला फारशी जमत नाही.

वेळेचं काय, हा प्रश्न रास्त आहे. जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं यातून उरलेल्या वेळात आम्ही शिकवतो. तरी हिशेब करून बघा. साठ मुलं, जोडीने पाच मिनिटं, म्हणजे दीडशे मिनिटं. उठबस धरून पस्तीस मिनिटांचे पाच तास, तेही सत्रभर विखुरलेले, बाकी वर्ग लेखी काम करत असताना. केंब्रिजच्या ए टू की या सुरुवातीच्या पातळीच्या इंग्रजी परीक्षेतही मुलं जोडीनेच बसतात. तिथे दोन परीक्षक असतात, एक बोलतो आणि दुसरा नुसता ऐकून गुण देतो. आपल्याला दुसरा परीक्षक कोण देणार? पण मुलंच एकमेकांशी बोलत असली तर बाईंना मध्ये बोलावं लागत नाही आणि कान मोकळे राहतात. मी चार गोष्टी ऐकते: निरोप पोहोचला का, अडल्यावर गप्प बसला की वाट काढली, समोरच्याला उलट विचारलं का, उच्चार कळले का. व्याकरण त्यानंतर. अडकल्यावर "व्हॉट टू से... दॅट राउंड थिंग" म्हणून हाताने चाक दाखवणाऱ्या मुलीला मी अख्खं पाठ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त गुण देते. तिच्या शेजारच्याला हे पटलं नव्हतं. त्याच्या आईलाही.

राहतो प्रश्न माझे पंधरा आणि दुसऱ्या शाळेचे पंधरा सारखे आहेत का याचा. आज नाहीत, आणि बोर्डाने भरारी पथक पाठवून ते होणार नाहीत. पथक आलं की मुलं पुन्हा पाठांतराकडे पळतील. त्यापेक्षा जवळपासच्या शाळांच्या शिक्षकांनी पालकांच्या परवानगीने थोड्या जोड्यांचं नुसता आवाज असलेलं रेकॉर्डिंग, नाव न सांगता, एकमेकांना ऐकवावं. प्रत्येकाने वेगळे गुण द्यावेत आणि मग भांडावं. माझ्या बारापुढे तुमचे अठरा का, हे एकदा समोरासमोर बोललं की दोघांचेही कान सुधारतात.

गणपतीनंतर, पहिल्या सत्राची परीक्षा लागायच्या आधी, सहावी आणि सातवीपुरतं हे करून बघायचा विचार आहे. पेठांमधल्या किंवा कोथरूड, सिंहगड रोड भागातल्या मराठी किंवा सेमी शाळांतले कोणी इंग्रजीचे शिक्षक तयार असतील तर मला मेसेज करा. नकाशे मी देते. बाजीराव रोडवर बाणही काढलेत आता.