लाफायेटची ती कबर
कोलोराडोतल्या लाफायेट गावच्या ‘पिशाचाच्या कबरी’वरचा लेख वाचला. छातीत ठोकलेल्या मेखेचंच म्हणे झाड झालं, भोवतालची गुलाबाची झुडपं म्हणजे त्याची वाढलेली नखं! पण दगडावर मृत्यूची नोंद डिसेंबर १९१८ ची आहे. म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचे दिवस. जगभर कोट्यवधी माणसं गेली, आपल्याकडेही घरंच्या घरं रिकामी झाली. त्या कबरीत पुरलेला हा ग्लावा म्हणजे कोळशाच्या खाणीत राबायला इतक्या लांबून आलेला मजूर. दगडावर ‘ट्रान्सिल्व्हेनिया’ हे ड्रॅक्युलाच्या कथेतल्या प्रांताचं नाव कोरलं नसतं, तर कुणी त्याला पिशाच म्हटलं असतं का? नुसत्या जन्मस्थळावरून! वाचताना गलबलून आलं. लेखात त्याच्या खाणकामाबद्दल दोन ओळी तरी हव्या होत्या.