शुगर होती म्हणून शुगरने गेले, असं होत नाही

परवा रात्री साडेदहाला काकूचा फोन आला. "त्यांना कोविड नव्हताच का रे? मीच शुगरकडे नीट बघितलं नाही, म्हणून गेले का?" काकांना जाऊन एवढी वर्षं झाली आणि कुणीतरी पुढे ढकललेल्या एका मेसेजने तिला हे विचारायला लावलं. मेसेज असा: कोविडने फक्त ६ टक्के माणसं मेली, बाकीची जुन्या आजारांनीच गेली. हॉस्पिटलांनी पैशांसाठी कोविड लिहिलं, अपघातात गेलेलेही त्यातच घुसवले. नीट ऑडिट केलं तर आकडा कोसळेल.

आधी ते ६ टक्के. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, सांगितलं की, कोविडची नोंद असलेल्या मृत्यूंपैकी ६ टक्क्यांमध्ये मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं काहीही लिहिलेलं नव्हतं. उरलेल्यांमध्ये कोविडबरोबर सरासरी २.६ इतर नोंदी होत्या. त्या नोंदी वाचायचे कष्ट मेसेज लिहिणाऱ्याने घेतले नाहीत. त्यात न्यूमोनिया आहे, श्वसन निकामी होणं आहे. ते कोविडनेच झालं होतं!

मृत्यूच्या कारणाचा दाखला कसा भरतात ते एकदा बघा. पहिल्या भागात घटनांची साखळी खालून वर जाते. वरच्या ओळीत शेवटी काय झालं ते: श्वसन निकामी, २ दिवस. त्याखाली ते कशामुळे: न्यूमोनिया, ८ दिवस. सर्वांत खाली हे सगळं जिथून सुरू झालं ते: कोविड, १२ दिवस. हे मूळ कारण, मोजणी याचीच होते. मधुमेह, बीपी, हृदयविकार दुसऱ्या भागात जातात, कारण त्यांनी हातभार लावला, सुरुवात केली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्येच हे नियम लिहून दिले होते, आणि जुन्या आजारामुळे कोविड बळावला असला तरी मृत्यू कोविडचाच धरावा, हेही त्यात स्पष्ट आहे. वर्षानुवर्षं गोळ्या घेऊन चालता-फिरता असलेला माणूस बारा दिवसांत जातो, तेव्हा त्या बारा दिवसांत नवीन काय घडलं हे विचारायचं की नाही?

ऑडिट म्हणजे हेच: केसपेपर, रिपोर्ट आणि दाखला शेजारी ठेवून साखळी जुळते का ते बघणं. त्यात चुका सापडतात, पण दोन्ही बाजूंच्या. कुणी नुसतं 'हृदय बंद पडलं' लिहून मोकळा होतो. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, ते काही कारण नव्हे.

अपघाताचं म्हणाल, तर त्याच नियमांत इजेसारखं वेगळं स्पष्ट कारण असेल तर मृत्यू कोविडचा धरू नये असं आहे. पैशांचं म्हणाल, तर अमेरिकेत मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यविम्याने, हॉस्पिटलांना २० टक्के जादा दिले, हे खरं. पण ते दाखल रुग्णाच्या उपचारांचे होते, मृत्यूच्या दाखल्याचे नव्हेत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. इंग्लंडमध्ये सुरुवातीला, एकदा पॉझिटिव्ह आलेला माणूस पुढे कधीही आणि कशानेही गेला तरी मोजला जायचा. ऑगस्ट २०२० मध्ये २८ दिवसांची मर्यादा घातली आणि ब्रिटनच्या आकड्यातून ५,३७७ मृत्यू कमी झाले. पण कमी होऊनही ४१,३२९ उरले. आणि जगभराचं बघाल, तर २०२० आणि २०२१ मध्ये नोंदलेले कोविड मृत्यू ५४ लाखांच्या आसपास होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जादा मृत्यू, म्हणजे एरवी जेवढे झाले असते त्यांच्यावर झालेले, मात्र सुमारे १ कोटी ४९ लाख झाले. त्यात उपचार न मिळाल्याने गेलेलेही आहेत, पण आकडा फुगवला होता म्हणणाऱ्याने एवढी माणसं कशाने गेली ते सांगावं.

काकांची फाइल मी तेव्हाच वाचली होती. दाखल केलं त्या सकाळी उपाशीपोटी शुगर १२८, ऑक्सिजन ८२. शुगर तीनशेच्या वर गेली ती स्टेरॉइड सुरू झाल्यावर, आणि स्टेरॉइडने शुगर चढतेच. म्हणजे काकूने सांभाळलेली शुगर दाखल करेपर्यंत सांभाळलेलीच होती. फाइल तिच्याच कपाटात आहे. रविवारी जाऊन त्यातला शुगरचा तक्ता तारखेवर बोट ठेवत तिला वाचून दाखवणार आहे.