बेल्ट नवाच आहे, काका; अडकलंय ते पुलीपाशी

नमस्कार काका. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, की दुकानाने 1,200 रुपये घेऊन डुप्लिकेट बेल्ट घातला आणि रेकॉर्ड प्लेअर विनाकारण अडकवून ठेवला. घरी ट्यूबलाइटखाली वेग तपासायची रेषांची चकती प्लेअरवर फिरत ठेवली तर रेषा स्थिर दिसतात, म्हणजे वेग बरोबर, तरी गायिकेचा आवाज पुरुषी येतो आणि गाणं पेटीवर कुठेच जुळत नाही. तुमचा कान अगदी बरोबर आहे. गाणं खालीच वाजतंय. पण त्याचं कारण बेल्ट नाही.

आधी बेल्टचं सांगतो. प्लेअर आला तेव्हा जुना बेल्ट प्लेटरच्या, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या थाळीच्या, कडेला चिकटून काळा लगदा झाला होता. आपल्या खाऱ्या, दमट हवेत खोक्यात बंद राहिलेल्या रबराचं हे नेहमीचं. तो खरवडून, स्पिरिटने प्लेटर आणि पुली (मोटरच्या टोकाची, बेल्ट फिरवणारी छोटी चाकी) पुसून, बेअरिंगला तेल देऊन मगच नवा बेल्ट चढवला. बेल्ट सैल असता तर तो घसरला असता आणि वेग कमी-जास्त होत राहिला असता. तुमचा प्लेअर एकसारखा संथ चालतोय, त्यात हेलकावा नाही.

तुमच्या मुलाने अमेरिकेतून पाठवलेल्या या प्लेअरच्या मोटरवर 60 हर्ट्झ लिहिलंय. तिकडची वीज 60 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 60 आवर्तनांची, आपली 50 ची. ही सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झप्रमाणेच फिरते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, म्हणून मोटर जळत नाही. हर्ट्झला तो हात लावत नाही. त्यामुळे जिथे मिनिटाला 33⅓ फेरे व्हायला हवेत, तिथे 28 सुद्धा पुरे होत नाहीत. म्हणजे सूर तीन पट्ट्यांहून जरा जास्त उतरतो. काळी एकमधलं गाणं खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली जातं, दोन पट्ट्यांच्या मधे पडतं. पेटीवर ते कुठेच लागत नाही ते यामुळे.

आता चकती, कारण तिने भल्याभल्यांना चकवलंय. प्लेअरसोबत आलेली चकती 216 रेषांची आहे, 60 हर्ट्झच्या दिव्यासाठी. आपल्याकडे चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि तुमचा प्लेटर संथ फिरत असल्यामुळे सेकंदाला बरोबर 100 रेषाच समोरून जातात. मोटर आणि दिवा दोन्ही एकाच विजेवर, दोन्ही सारखेच मागे, म्हणून रेषा थांबलेल्या दिसतात. आपल्या विजेला 33⅓ साठी 180 रेषांची चकती लागते. ती ठेवून पाहा, रेषा मागे पळताना दिसतील. (एलईडी दिव्याखाली मात्र दोन्ही चकत्यांचा भरवसा नाही.) चकतीच नको असेल तर प्लेटरच्या कडेला कागदाचा कपटा लावा आणि घड्याळ लावून तीन मिनिटं फेरे मोजा. शंभर भरायला हवेत. तुमचे 83 भरतील. दुकानातही तेवढेच भरले होते.

हे सगळं तुमच्या पुतण्याला दाखवून, बिलावर 'पुली 60 हर्ट्झची, बदलावी लागेल' असं लिहून दिलं होतं. गणपतीत घरी गाणी हवीत म्हणून तो प्लेअर तसाच घेऊन गेला, त्यात त्याचं काही चुकलं नाही. उशिराचं कारणही गणपतीच. त्या दिवसांत भजनी मंडळांचे अॅम्प्लिफायर आणि माइक आधी हातावेगळे करावे लागतात. आरतीची वेळ कुणासाठी थांबत नाही.

50 हर्ट्झची, म्हणजे संथ मोटरची कसर भरून काढणारी मोठी पुली तयार मिळाली तर उत्तम, नाहीतर लेथवर कातून घ्यावी लागेल. नुसती सहापंचमांश पट (1.2 पट) करून भागत नाही, बेल्टची जाडीही हिशोबात धरावी लागते, आणि 45 फेऱ्यांच्या रेकॉर्डसाठी पुलीवरची पायरी वेगळी. कुणी जुन्या पुलीला टेप गुंडाळून देतो म्हणालं तर कृपा करून करू देऊ नका. टेपचा जोड दर फेऱ्याला बेल्टला झटका देतो आणि लांबवलेला सूर थरथरतो. मोटरमधला स्क्रू फिरवून वेग वाढेल असंही कुणी सांगेल. तो डीसी मोटरमध्ये असतो, तुमच्या मोटरमध्ये नाही.

बेल्टचे पैसे परत करणार नाही, कारण बेल्ट चांगला आहे आणि नव्या पुलीवरही तोच चालेल. पुलीचा जो खर्च येईल तेवढाच घेईन, बसवायची मजुरी नको. येताना प्लेटर काढून वेगळा गुंडाळा, टोनआर्म (सुईचा दांडा) बांधून घ्या, सुईवर टोपण लावा, आणि ज्या गाण्याची पट्टी तुम्हाला पाठ आहे ती रेकॉर्ड सोबत आणा. दुकानात पेटी आहे. सूर तुम्हीच लावून बघा, पटला तरच प्लेअर घेऊन जा.